‘बाजू’ नावाचा रकाना: एका प्रदर्शनाच्या प्रकल्प नोंदी

९ जून

काम पक्कं झालं. बारा पॅनेल, प्रत्येक दाराच्या फळीएवढं. एकमेकांवर गोळ्या झाडलेली माणसं ज्या दफनभूमीत किंवा ज्या स्मारकावर शेजारी शेजारी आहेत, अशा जागा दाखवायच्या. मजकूर आणि आकड्यांची तपासणी माझ्याकडे, रेखाटनं नि मांडणी ताईंकडे, शेवटची सही सरांची. सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण लाल पेन अजून खिशात असतं.

तात्पुरतं नाव ठेवलंय ‘मरणान्तानि वैराणि’. रावण पडल्यावर राम बिभीषणाला सांगतो ते. सर म्हणाले, “बघू टिकतंय का.”

शीट उघडलं. रकाने: जागा, देश, युद्ध, साल, थडगी, बाजू. शेवटच्या रकान्यात आधी ‘आपली’ आणि ‘शत्रूची’ असे पर्याय टाकले होते. जेवताना लक्षात आलं की बेल्जियममधल्या जर्मन आणि इंग्रज थडग्यांत ‘आपलं’ कोण? पुसून ‘बाजू १’, ‘बाजू २’ केलं.

१३ जून

पहिलं पॅनेल: सेंट सिंफोरियन, बेल्जियममधल्या माँस शहराजवळ. ही दफनभूमी जर्मन सैन्याने सुरू केली, हे आधी डोक्यात बसवावं लागतं. ऑगस्ट १९१४च्या माँसच्या लढाईनंतर दोन्हीकडचे मेलेले तसेच पडलेले होते. जर्मनांना जागा हवी होती. जमीन दिली ज्याँ हूझो द लऐ या स्थानिक जमीनदाराने. हा गृहस्थ वनस्पतिशास्त्रज्ञही होता. त्याने विकत द्यायला नकार दिला, देणगी म्हणून द्यायला तयार झाला, आणि अट घातली की दोन्ही सैन्यांतल्या मृतांना सारखाच मान मिळाला पाहिजे. गाव जर्मनांनी जिंकलेलं, आणि अट घालतोय जिंकला गेलेला माणूस.

आज तिथे २८४ जर्मन आणि २२९ ब्रिटिश व राष्ट्रकुलाचे सैनिक आहेत. झाडी, उंचसखल जमीन, वळणाच्या वाटा. आखीव रांगांची सवय असलेल्याला ती दफनभूमी वाटतही नाही. मधोमध जर्मनांनी उभारलेला ७ मीटर उंचीचा ग्रॅनाइटचा स्तंभ, दोन्हीकडच्या मृतांसाठी. आणि एक गंमत, जी मला सगळ्यांत जास्त आवडली. मिडलसेक्स रेजिमेंटचे बरेच जण तिथे पडले. त्यांच्यासाठीही जर्मनांनी वेगळा खांब उभारला आणि त्यावर कोरलं ‘रॉयल मिडलसेक्स रेजिमेंट’. त्या रेजिमेंटला ‘रॉयल’ हा किताब कधीच नव्हता. शत्रूने परस्पर बहाल केला. खांब तसाच उभा आहे.

या जागेबद्दल सगळे सांगतात ती गोष्ट वेगळी. जॉन पार, युद्धात पडलेला पहिला ब्रिटिश सैनिक मानला जातो, २१ ऑगस्ट १९१४. जॉर्ज एलिसन, लढाईत पडलेला शेवटचा ब्रिटिश, ११ नोव्हेंबर १९१८, युद्धबंदीच्या साधारण दीड तास आधी. दोघांची थडगी समोरासमोर, काही पावलांवर. कुणी ठरवून केलेलं नाही. शिवाय जॉर्ज प्राइस हा कॅनडाचा सैनिकही तिथेच आहे. तो १० वाजून ५८ मिनिटांनी गेला, युद्धबंदीला दोन मिनिटं असताना.

ताईंना पार आणि एलिसन मोठ्या चित्रात हवेत. मी म्हटलं, तो योगायोग आहे, आणि योगायोगाने माणूस ‘अरेरे’ म्हणून पुढच्या पॅनेलकडे जातो. जमिनीची अट मोठी, योगायोग चौकटीत. दोन दिवस वाद चालला. ठरलं माझ्यासारखं, पण चौकट ताईंनी मोजून थोडी वाढवून घेतली.

१८ जून

कायद्याचं अर्धं पॅनेल. लोक थांबून वाचणार नाहीत हे माहीत आहे, तरी हवंच. शत्रूच्या मेलेल्या माणसाची देखभाल आपण का करायची, याला भावनेआधी कागद आहे.

फ्रान्स आणि जर्मनीत १८७१ साली फ्रँकफर्टचा तह झाला. त्याच्या १६व्या कलमात दोन्ही सरकारांनी आपापल्या भूमीतल्या सैनिकांच्या कबरी जपायचं कबूल केलं. मग १९१९चा व्हर्सायचा तह, कलम २२५. नंतर १९४९च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं कलम १७: शक्यतो एकेकाला वेगळं पुरावं किंवा दहन करावं, मृताच्या धर्माप्रमाणे विधी व्हावेत, कबरीवर खूण असावी, नोंद ठेवावी. त्यातच एक वाक्य आहे की कबरी शक्य तर राष्ट्रीयत्वानुसार एकत्र असाव्यात. म्हणजे कायद्याला सन्मान हवा आहे, पण वर्गवारीही हवी आहे. शोधताना सोपं जातं, हे कारण खोटं नाही.

ब्रिटिश साम्राज्याचा युद्धकबर आयोग २१ मे १९१७ला सनद मिळून सुरू झाला, तोच आजचा राष्ट्रकुल आयोग. जर्मनांची फोल्क्सबुंट ही संस्था डिसेंबर १९१९ची. ती सरकारने नव्हे, नागरिकांनी उभी केली. हरलेल्या देशाची थडगी परक्या मुलखात होती.

सरांनी लाल पेनाने एक ओळ घातली, ‘बिल्ल्याचं लिहा’. बरोबर आहे. सुरुवातीला ब्रिटिश सैनिकाच्या गळ्यात ओळखीचा एकच बिल्ला असायचा. मेल्यावर तो नोंदीसाठी काढून नेत, आणि पुढे कुणी प्रेत उकरलं की खाली कोण आहे हे कळायला मार्ग नसे. १९१६मध्ये दोन आले: लाल काढून न्यायचा, हिरवा अंगावर राहू द्यायचा. तोवर हजारो जण ‘अज्ञात’ होऊन गेले होते, ते काही सगळे गोळ्यांमुळे नव्हे.

२३ जून

आज पुठ्ठ्याचा दगड कापला. राष्ट्रकुलाच्या थडग्याचा दगड ८१ सेंटिमीटर उंच, ३८ रुंद. जनरल असो की खानसामा, माप एकच. आयोगाने हे तत्त्व १९१८ सालीच धरलं आणि त्यावरून इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला. श्रीमंत घरांना आपल्या मुलाचं शव परत हवं होतं, मोठा क्रूस हवा होता. आयोग हलला नाही.

खालच्या ओळीसाठी घरच्यांना ६६ अक्षरांची मर्यादा होती, मोकळ्या जागा धरून. ताईंनी मराठीत बसवून बघायला घेतलं. मग जोडाक्षर एक धरायचं की दोन, काना वेगळा मोजायचा का, यात तासभर गेला. हा तास प्रकल्पाच्या कामात धरावा की नाही, कळत नाही.

२ जुलै

गलिपोलीचं पॅनेल कोसळलं. (गलिपोली म्हणजे तुर्कस्तानातला किनारा, पहिल्या महायुद्धात इथे तुर्क आणि ब्रिटिश साम्राज्याची फौज लढली.)

योजना अशी होती की वर मोठ्या अक्षरांत आधुनिक तुर्कस्तानचे संस्थापक अतातुर्क यांचे ते प्रसिद्ध शब्द द्यायचे, दूरदेशीच्या आयांनो अश्रू पुसा, तुमची मुलं आता आमचीही मुलं आहेत, अशा अर्थाचे. १९८५पासून ते तिथल्या आरी बुर्नू किनाऱ्यावर दगडात कोरलेले होते. सगळीकडे साल १९३४ देतात. मूळ कागद शोधायला बसलो तर १९३४चा पुरावा कुणाकडेच नाही. शब्द छापील दिसतात ते १९५३ साली, अतातुर्क वारल्यावर पंधरा वर्षांनी, त्यांचे एकेकाळचे गृहमंत्री शुक्रू काया यांच्या मुलाखतीत. आणि दोन्हीकडच्या पोरांना टोपणनावांनी एकत्र आणणारं जे वाक्य सगळ्यांना पाठ असतं, ते तर त्याहून नंतर जोडलेलं दिसतं.

ताई म्हणाल्या, “शब्द चांगले आहेत ना? मग कुणी का म्हटले असेनात.” मला ते पटत नाही. ज्या कामात एकेक नाव पुराव्याने लावायचं, तिथे सगळ्यांत मोठ्या अक्षरांतलं वाक्य ऐकीव? काढलं. पण रिकाम्या जागेत काय, हे अजून सुचलेलं नाही. पॅनेल ५वर नुसता किनारा राहिलाय.

८ जुलै

‘बाजू’चा रकाना अडला. तीन ठिकाणी.

एक, आल्सास, फ्रान्स-जर्मनी सीमेवरचा प्रांत. पहिल्या महायुद्धात तिथले पुरुष जर्मन गणवेशात लढले, कारण प्रांत तेव्हा जर्मनीचा होता. युद्ध संपलं, प्रांत फ्रान्सचा झाला. मग त्यांचं स्मारक कसं करायचं? स्ट्रासबूर्गच्या चौकात १९३६ साली उभारलेल्या शिल्पात एक आई आहे आणि तिच्या मांडीशी दोन मरणारे मुलगे. अंगावर कपडे नाहीत, म्हणजे गणवेशच नाही. खाली फक्त ‘आमच्या मृतांना’. फ्रान्समधल्या गावोगावच्या स्मारकांवर असतं ते ‘फ्रान्ससाठी’ इथे नाही. पुढच्या युद्धात आल्सास आणि शेजारच्या मोझेलमधले मिळून सुमारे १ लाख ३० हजार तरुण जर्मनीने जबरदस्तीने भरती केले. मी रकान्यात काय भरू? ‘१’ की ‘२’?

दोन, जपानी सैन्यातले कोरियन. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात होता.

तीन, इम्फाळ. यावर स्वतंत्र लिहितो.

१५ जुलै

कोहिमा आणि इम्फाळ एकाच पॅनेलवर घ्यायचे ठरले होते, पण मजकूर दोन पॅनेलांचा झालाय.

कोहिमाची दफनभूमी गॅरिसन हिलच्या उतारावर, प्रत्यक्ष लढाई झाली त्याच जागी आहे. १९४४च्या एप्रिलपासून जूनपर्यंत. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट मध्ये ठेवून ब्रिटिश-हिंदी आणि जपानी अशी दोन सैन्यं समोरासमोर होती. कोर्टाच्या रेषा आजही पांढऱ्या दगडाने आखून ठेवल्या आहेत. १,४२० थडगी. वरच्या टोकाला दहनस्मारक, त्यावर ९१७ हिंदू आणि शीख सैनिकांची नावं, ज्यांना अग्नी दिला गेला. ते थडग्यांइतकेच मेलेले आहेत, पण फोटोंत नेहमी दगडांच्या रांगाच येतात. ताईंना सांगितलं, दहनस्मारक आधी काढा.

जपानी तिथे नाहीत. त्यांचे हजारोंनी गेले, लढाईत कमी आणि परतीच्या वाटेवर उपासमारीने, रोगाने जास्त. त्यांच्यासाठी इम्फाळजवळच्या लाल टेकडीच्या पायथ्याशी जपान सरकारने १९९४ साली स्मारक केलं. २०१९ साली तिथेच शेजारी शांती संग्रहालय झालं. इम्फाळची ब्रिटिश दफनभूमी आणि हे स्मारक यांमध्ये काही मैलांचं अंतर आहे. ‘शेजारी शेजारी’ हा आमचा निकष इथे ताणावा लागला, सरांनी चालवून घेतलं.

आता खरी अडचण. जपान्यांच्या बरोबर आझाद हिंद सेना होती. म्हणजे त्या डोंगरांत दोन्हीकडे भारतीय होते. एकाच जिल्ह्यातले, कदाचित एकाच पलटणीतून आलेले, कारण आझाद हिंदची बरीचशी भरती मलाया-सिंगापूरला पकडल्या गेलेल्या ब्रिटिश हिंदी सैन्यातूनच झाली होती. एकाचं नाव दहनस्मारकावर. दुसऱ्याची आखीव दफनभूमी नाही. सिंगापूरला १९४५च्या जुलैमध्ये आझाद हिंदच्या अनाम योद्ध्यांसाठी स्मारकाची पायाभरणी झाली आणि ते उभं राहिलं होतं, त्यावर इत्तेफाक, इत्माद, कुर्बानी (एकी, विश्वास, बलिदान) हे तीन शब्द. काही आठवड्यांत ब्रिटिश परत आले आणि माउंटबॅटनच्या हुकमाने ते पाडलं गेलं. त्या जागी १९९५ साली खुणेचा फलक लागला.

सर बराच वेळ हे वाचत होते. मग म्हणाले, “यात शत्रू कोण, ते लिहिलं नाहीत.” मी म्हटलं, लिहिता येत नाहीये. “मग तसं लिहा.”

२६ जुलै

तारीख योगायोगाची, ठरवून नाही घेतलं. कारगिलचा मजकूर आज पूर्ण झाला.

१९९९मध्ये पाकिस्तानचं सरकार म्हणत होतं की डोंगरावर आमचं सैन्य नाहीच, ते मुजाहिदीन आहेत. त्यामुळे नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांची प्रेतं घ्यायला सुरुवातीला नकार. भारतीय सैन्याने त्यांना त्याच उंचीवर इस्लामी पद्धतीने, लष्करी इतमामात पुरलं.

टायगर हिलवर १२ नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्रीचे कॅप्टन कर्नल शेर खान पडले. (‘कर्नल’ हे नावच आहे, हुद्दा नव्हे. प्रूफमध्ये हे कुणीतरी ‘सुधारणार’, आत्ताच लिहून ठेवतो.) त्यांचं शव परत पाठवताना ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा यांनी खिशात चिठ्ठी ठेवली: हा अधिकारी फार शौर्याने लढला, त्याचा योग्य मान व्हावा. पाकिस्तानने त्यांना निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च शौर्यपुरस्कार दिला. जो माणूस तिथे नव्हताच असं त्याचा देश म्हणत होता, त्याच्या असण्याचा दाखला समोरच्या सैन्याने लिहून दिला. पाकिस्तानी लष्कराने आपल्या संकेतस्थळावर कारगिलमधल्या ४५३ मृतांची नावं टाकली ती २०१० साली.

हे पॅनेल लिहिताना हात आखडता घेतला. विशेषणं तीनदा काढली.

४ ऑगस्ट

डार्विन, पूर्व फॉकलंड. हे माझं सगळ्यांत आवडतं पॅनेल झालंय आणि म्हणूनच लांबलंय.

दक्षिण अटलांटिकमधल्या या बेटांवरून अर्जेंटिना आणि ब्रिटन यांचं १९८२चं युद्ध. अर्जेंटिनाचे ६४९ मेले, ब्रिटनचे २५५. लढाई संपल्यावर अर्जेंटिनाची प्रेतं माळरानावर, खंदकांत, घाईत बुजवलेल्या खड्ड्यांत होती. ब्रिटनने ती मायदेशी पाठवायची तयारी दाखवली. अर्जेंटिनाचं उत्तर, ही बेटं आमचीच, मुलं मायदेशातच आहेत. मेलेल्यांच्या जागेवरूनही युद्ध चालू होतं म्हणायचं.

काम सोपवलं गेलं जेफ्री कार्दोसो या ब्रिटिश कॅप्टनवर. त्याने आणि इंग्लंडहून आलेल्या प्रेतवाहकांच्या तुकडीने १९८३च्या सुरुवातीला बेटभर फिरून प्रेतं गोळा केली. बऱ्याच जणांच्या गळ्यात बिल्लाच नव्हता. कार्दोसोने प्रत्येक देह एकापेक्षा जास्त पिशव्यांत गुंडाळला आणि न पुसणाऱ्या शाईने वर लिहिलं: कुठे सापडला, जवळ काय होतं. मग प्रत्येकाला वेगळी कबर, पांढरा क्रूस, लष्करी मानवंदना. ज्यांचं नाव कळलं नाही त्यांच्या पाटीवर ‘अर्जेंटिनाचा सैनिक, फक्त देवाला ठाऊक’. एकूण २३७ कबरी, त्यांतल्या निम्म्यांहून जास्त अशाच.

त्याने सगळ्याचा अहवाल करून वरिष्ठांना दिला. अहवाल कपाटात गेला. २००८ साली त्या युद्धात लढलेला अर्जेंटिनाचा सैनिक हूलियो आरो लंडनला आला. भेटीत दुभाष्याचं काम करायला होता कार्दोसो, स्पॅनिश चांगलं येत असल्याने. निघताना त्याने स्वतःजवळची अहवालाची प्रत आरोच्या हातात दिली.

तिथून पुढे नऊ वर्षं. कुटुंबांचे डीएनए नमुने, दोन सरकारांचा करार, आणि २०१७च्या हिवाळ्यात (तिकडचा जून-ऑगस्ट) आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या तज्ज्ञांनी १२१ कबरी उघडल्या. आत १२२ जण होते. पिशव्या शाबूत होत्या, शाई वाचता येत होती. त्या वर्षाअखेर ८८ जणांना नावं मिळाली, नंतर आणखी मिळत गेली. मार्च २०१८मध्ये आया तिथे गेल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना कुठल्या क्रूसापाशी बसायचं ते माहीत होतं.

ताईंनी काय काढावं? आयांचे चेहरे नकोत, म्हणालो. त्यांनी एक मार्कर काढला, पानभर. टोपण उघडं.

५ ऑगस्ट

सरांचा शेरा: ‘मार्कर होता की शाईचा ब्रश, माहीत आहे का?’ नाही. ताईंनी रेखाटन बदललं, आता नुसती ओली अक्षरं आहेत.

१९ ऑगस्ट

एवढं गोड झाल्यावर कडू लागतंच. स्पेन.

माद्रिदच्या वायव्येला डोंगर खोदून केलेली बॅसिलिका, वर प्रचंड क्रूस. हुकूमशहा फ्रँकोने १९४०मध्ये काम काढलं, १९५९ला उद्घाटन. बांधायला राजकीय कैदीही राबवले. आत यादवी युद्धातल्या दोन्ही बाजूंचे ३३ हजारांहून अधिक जण. कागदावर आमच्या निकषात चपखल, एकाच छताखाली, भेदभाव नाही. पण रिपब्लिकन बाजूचे बरेच जण सामूहिक खड्ड्यांतून काढून, घरच्यांना न विचारता, कित्येकांची नावं न नोंदवता तिथे आणून टाकलेले. त्यांना मारणाऱ्या राजवटीच्या स्मारकात, आणि १९७५पासून खुद्द फ्रँकोच्या शेजारी. फ्रँकोला तिथून हलवलं २४ ऑक्टोबर २०१९ला. जागेचं ‘पडलेल्यांची दरी’ हे नाव २०२२च्या कायद्याने बदलून क्वेल्गामुरोस झालं. आपापल्या आजोबांची हाडं शोधून द्या म्हणून कुटुंबं अजून मागे लागलेली आहेत.

त्याच पॅनेलवर बिटबुर्ग. ५ मे १९८५, अमेरिकेचे अध्यक्ष रेगन जर्मनीतल्या या दफनभूमीत पुष्पचक्र वाहायला गेले. चाळीस वर्षांनी समेट, ही कल्पना. सुमारे २,००० कबरींत ४९ वाफेन-एसएसच्या, म्हणजे नाझींच्या एसएस संघटनेच्या लढाऊ तुकड्यांतल्या, निघाल्या. छळछावण्यांतून वाचलेल्या लोकांनी विचारलं, समेट कुणी कुणाशी केला? आमच्या शीर्षकातल्या ‘वैर संपतं’ला इथे पहिली ठेच लागली. वैर संपवण्याचा अधिकार कुणाचा, हे त्या श्लोकात स्पष्ट आहे. राम स्वतः बोलतोय, ज्याचं नुकसान झालं तो. बिटबुर्गला तसं नव्हतं.

३० ऑगस्ट

बसरा. हे पॅनेल मुळात यादीत नव्हतं. सरांनी आग्रहाने घातलं आणि त्याने सगळं उलटंपालटं केलं.

पहिल्या महायुद्धातल्या मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) मोहिमेत ब्रिटिश हिंदी सैन्याची ६वी पूना डिव्हिजन होती. तुर्कांनी घातलेल्या कूतच्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी. २९ एप्रिल १९१६ला शरणागती. ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याला आहे. १९९७मध्ये सद्दाम हुसेनच्या हुकमाने ते मूळ जागेवरून उचलून नासिरियाच्या रस्त्यावर वाळवंटात नेलं. त्यावर ब्रिटिश सैनिक नावाने आहेत. भारतीय अधिकारी नावाने आहेत. साधा भारतीय शिपाई मात्र आपल्या पलटणीच्या नावाखाली एका आकड्यात: ‘आणि इतके इतर भारतीय सैनिक’.

ज्या आयोगाने जनरल आणि खानसामा यांना एका मापाचा दगड दिला, तोच हा आयोग. २०२१च्या एप्रिलमध्ये त्याने स्वतःच्या चौकशीचा अहवाल काढून माफी मागितली. पहिल्या महायुद्धातले ४५ ते ५४ हजार जण, बहुतेक आशियाई आणि आफ्रिकी, असमान रीतीने नोंदवले गेले. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, नावाने नोंदवलेच गेले नाहीत किंवा अजिबातच नोंदवले गेले नाहीत. स्थानिक माणसाला थडग्याच्या दगडाचं काय कळणार, असं मत १९२३ साली गोल्ड कोस्टच्या (आजच्या घानाच्या) गव्हर्नरने दिलं होतं, तेही अहवालात आहे.

आणि आता याच्या शेजारी ठेवा त्सेहरेन्सडोर्फ. बर्लिनच्या दक्षिणेला, जर्मनीत. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले भारतीय सैनिक तिथल्या छावणीत ठेवले होते, ते ब्रिटिशांविरुद्ध फिरावेत या आशेने. थंडीने आणि क्षयाने मेले. दोनशेवर जणांच्या कबरी तिथे, नावानिशी. दुसऱ्या युद्धानंतर ती जागा सोव्हिएत लष्कराच्या सरावक्षेत्रात गेली, देखभाल अशक्य झाली. म्हणून १९६४मध्ये ती नावं फ्रान्समधल्या नव्ह-शापेलच्या भारतीय स्मारकावर ब्राँझच्या पट्टीवर घेतली. रशियन फौज गेल्यावर कबरी पुन्हा उभारल्या, २००५ साली.

म्हणजे शत्रूच्या कैदेत मेलेल्याला नावाचा दगड मिळाला, आणि ज्याच्यासाठी लढला त्याच्या स्मारकावर आकडा. सेंट सिंफोरियनमधल्या जर्मनाला ब्रिटिश आयोग नावाने ओळखतो. कूतच्या शिपायाला नाही. मी तीन महिने मित्र आणि शत्रू यांच्यातली रेघ शोधत होतो, रेघ भलतीकडेच होती.

४ सप्टेंबर

‘बाजू’ रकाना पुसला. नव्या रकान्याचं नाव ‘नाव कुणी लिहिलं’. सगळ्या ओळी पुन्हा भरल्या. आल्सास भरता आलं, कोहिमा भरता आलं, कारगिल अगदी नीट. आझाद हिंदच्या ओळीत काही भरलं नाही.

शीर्षकही काढलं. सरांना सांगितलं तर म्हणाले, “मला वाटलंच होतं ऑगस्टपर्यंत टिकणार नाही.” नवीन शीर्षक साधं आहे: ‘नाव कुणी लिहिलं’.

१० सप्टेंबर

गलिपोलीच्या रिकाम्या पॅनेलवर व्लाड्सलो घेतलं. बेल्जियममधली जर्मन दफनभूमी, २५ हजारांवर मृत, जमिनीला लागून सपाट दगड, एका दगडावर वीस नावं. टोकाला जर्मन शिल्पकार केटे कोल्विट्झने केलेले आई-बाप गुडघ्यांवर बसलेले. तिचा मुलगा पेटर ऑक्टोबर १९१४मध्ये पडला, पुतळे उभे राहिले १९३२ला. बाप हात छातीशी आवळून ताठ, आई पुढे वाकलेली. ताईंनी पाठमोरे काढलेत. याच्यावर मजकूर चारच ओळी, आणि मला वाटतं ते पुरे.

१७ सप्टेंबर

दोन स्मारकं, दोन रचना. फ्रान्समध्ये नोत्र-दाम-द-लोरेतच्या टेकडीवर २०१४ साली झालेलं स्मृतिवलय: पहिल्या महायुद्धात त्या भागात पडलेल्यांची ५,७९,६०६ नावं, सगळ्या देशांची, निव्वळ आद्याक्षरांच्या क्रमाने. हुद्दा नाही, देश नाही. श्मिट, मग सिंग, मग स्मिथ. वास्तुकार फिलिप प्रॉस्ट. वलयाचा एक भाग उताराच्या वर अधांतरी ठेवलाय.

जपानच्या ओकिनावा बेटावर, दुसऱ्या महायुद्धातल्या लढाईच्या जागी, १९९५चं शांतीचं स्मारक: २ लाख ४० हजारांहून अधिक नावं, जपानी, अमेरिकन, ब्रिटिश, तैवानी, कोरियन, आणि मुख्य म्हणजे ओकिनावाचे नागरिक, गावागावाने. इथे देश वेगळे ठेवलेत. दर वर्षी जूनमध्ये नवी नावं चढतात. काही कोरियन कुटुंबांनी आपल्या माणसाचं नाव द्यायला नकार दिला, जपानच्या दगडावर नको म्हणून. हा नकार पॅनेलवर घेतलाय, आणि तो कापू नये म्हणून चौकट केलीय.

मला आधी वाटायचं वलय जास्त चांगलं. आता तसं ठामपणे म्हणवत नाही. क्रमवार यादीत भारतीय नावांची गंमत होते, आडनावच नसलेला माणूस कुठल्या अक्षराखाली घालणार? रजिस्टरात ‘अमुकचा मुलगा, राहणार तमुक, जिल्हा सातारा’ एवढंच असतं. ओकिनावासारखं गावाने लावलं असतं तर त्याच्या गावच्या माणसाला तो पटकन सापडला असता.

३ ऑक्टोबर

मोठा घोळ. सेंट सिंफोरियनच्या पॅनेलला तळाशी ५१३ छोटे आयत आहेत, एका कबरीला एक. ताईंनी मांडणी पाठवली, मोजले तर कमी. पुन्हा मोजले, पुन्हा कमी. शोधता शोधता कळलं: शीट साफ करताना मीच ‘नाव रिकामं असलेल्या ओळी काढा’ असा फिल्टर लावला होता. सगळे अज्ञात गेले.

महिनाभर मी बसरा-बसरा करतोय आणि हे एका टिचकीत मी स्वतः केलं.

ओळी परत आणल्या. आता दुसऱ्या शीटांतही तेच झालंय का ते बघणं आलं. लांगेमार्कच्या टिपणात वाचलो, कारण तिथे मी ओळी नव्हे, आकडेच ठेवले होते: सुमारे ४४ हजार, त्यांतले पंचवीस हजाराच्या आसपास एकाच सामूहिक कबरीत. त्या जर्मन कबरीत दोन ब्रिटिशही आहेत, नावानिशी. लांगेमार्कला पॅनेल नाही, जागा उरली नाही. या दोघांना व्लाड्सलोच्या तळटीपेत घुसवलं.

११ ऑक्टोबर

प्रूफ आली. दुरुस्त्या:

पॅनेल ३, दहनस्मारकाचा आकडा ९७१ छापलाय, ९१७ हवा.

पॅनेल ६, अपेक्षेप्रमाणे ‘कॅप्टन कर्नल’मधला ‘कर्नल’ गायब. परत.

पॅनेल ८, ‘क्वेल्गामुरोस’ दोन प्रकारे. एक केलं.

पॅनेल ११, आझाद हिंदच्या ओळीतल्या मोकळ्या रकान्यात कुणीतरी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलंय. पुसलं.

पॅनेल १, सरांच्या लाल पेनाने ‘रॉयल मिडलसेक्स’मधल्या ‘रॉयल’वर काट, समासात ‘चूक, असा किताब नाही’. फोन केला. सर, चूक त्यांची आहे, जर्मनांची, खांबावर तसंच आहे. सर क्षणभर गप्प. “मग राहू दे. पण अवतरणचिन्हांत नको, नाहीतर आपण हसतोय असं वाटेल.” अवतरणं काढली, ‘रॉयल’ ठेवलं, फाइल छापायला दिली.